पहिला सर्फबोर्ड कसा निवडावा: लिटरपासून लीशपर्यंत

सर्फबोर्डांच्या रांगेत नवशिक्याची नजर हमखास चुकीच्या बोर्डावर खिळते. निमुळतं नाक, पातळ कडा, सहा फुटांच्या आतली लांबी, काखेत सहज मावेल असा हलका, देखणा बोर्ड. रांगेच्या टोकाला आठ फुटी, जाडजूड, वरून मऊ फोम लावलेला एक ओबडधोबड बोर्ड उभा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. शिकायला मात्र तोच लागतो.

कारण हिशेबाचं आहे. सुरुवातीच्या दिवसांत फुटलेल्या लाटेवरची एक सफर जेमतेम पाच-सहा सेकंदांची असते. तासाभरात वीस लाटा मिळाल्या, तरी बोर्डावर उभं राहण्याचा सराव होतो दोन मिनिटांचा. लहान बोर्ड घेतला तर त्याच तासात तीन लाटा मिळतात, म्हणजे पंधरा-वीस सेकंद. बाकीचा वेळ हात मारण्यात, लाटेखाली गटांगळ्या खाण्यात आणि पुन्हा आत जाण्यात जातो. म्हणून पहिल्या बोर्डाला एकच प्रश्न विचारायचा: याच्यावर मला तासाला किती लाटा पकडता येतील? तो वळतो कसा, दिसतो कसा, अनुभवी लोक काय वापरतात, हे सगळं पुढच्या बोर्डाच्या वेळी बघू.

आधी भाड्याने

विकत घेण्याची घाई नको. आधी प्रशिक्षकाकडून दोन-चार धडे घ्या आणि त्यानंतर काही दिवस वेगवेगळ्या मापाचे बोर्ड भाड्याने घेऊन बघा. प्रत्येक वेळी बोर्डाची लांबी, रुंदी, जाडी आणि लिटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा, शेजारी एक ओळ लिहा: पालथं पडल्यावर डोलत होता का, किती लाटा मिळाल्या, उचलून नेताना त्रास झाला का. चार-पाच नोंदी झाल्या की तुमचं माप तुम्हालाच कळतं. मग विक्रेता काय सांगतो यावर अवलंबून राहावं लागत नाही.

एक अट या सगळ्याच्या आधीची आहे. बोर्ड हातातून सुटला, त्याला पायाशी बांधणारी दोरी म्हणजे लीश तुटली, तरी पोहत किनाऱ्याला येता आलं पाहिजे. ते येत नसेल तर पहिली खरेदी बोर्डाची नको, पोहण्याच्या शिकवणीची हवी.

लिटरचा आकडा

बोर्डावर माप लिहिलेलं असतं. हाताने घडवलेल्या बोर्डावर ते मधल्या लाकडी पट्टीजवळ पेन्सिलीने लिहितात, कारखान्यातल्या बोर्डावर छापतात. उदाहरणार्थ ७ फूट ६ इंच, २२, ३: म्हणजे साडेसात फूट लांब, २२ इंच रुंद, ३ इंच जाड. शेवटी बहुतेक वेळा बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये दिलेलं असतं. नवशिक्यासाठी सगळ्यात बोलका आकडा हाच.

समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला साधारण १.०२५ किलो असते. म्हणजे ८० लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर तो सुमारे ८२ किलो वजन तोलून धरतो. त्यातून बोर्डाचं स्वतःचं पाच-आठ किलो वजन वजा केलं की उरलेलं तुमच्या वाट्याला येतं. अनुभवी माणूस शरीराच्या वजनाच्या जेमतेम ४० टक्के लिटरवर सर्फ करतो, कारण तो वेगात असतो. वेगात असलेला बोर्ड पाण्याच्या पृष्ठभागावर उचलला जातो, त्याला तरंगण्याच्या बळाची फारशी गरज उरत नाही. नवशिक्याकडे हा वेग नसतो. तो पालथं पडून हातांनी पाणी मागे सारताना, म्हणजे पॅडल मारताना, हळू असतो, उठायला उशीर लावतो, आणि तेवढ्या वेळात बोर्डाला त्याला नुसतं तरंगत ठेवावं लागतं.

त्यावरून सोपा नियम: तुमचं वजन जितके किलो, किमान तितके लिटर. ७० किलोच्या माणसाला ७० लिटर, आणि ८० असतील तर आणखी बरं. वय जास्त असेल, व्यायामाची सवय नसेल किंवा समुद्रावर क्वचितच जाणं होत असेल, तर वरच्या बाजूला झुका. दणकट, पोहण्यात तरबेज आणि रोज पाण्यात उतरणाऱ्या तरुणाला थोडं कमी चालेल.

जुन्या बोर्डावर लिटर लिहिलेले नसले तर अंदाज काढता येतो. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही इंचांत घेऊन गुणाकार करा आणि ६१ ने भागा. हे झालं त्या मापाच्या चौकोनी ठोकळ्याचं आकारमान. टोकदार, पातळ कडांचा बोर्ड असेल तर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त धरा, बोथट नाकाचा जाड फोम बोर्ड असेल तर दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. दहा लिटर इकडेतिकडे होतील, पण ३० लिटरचा बोर्ड ७० चा म्हणून गळ्यात पडणार नाही.

लांबी, रुंदी, जाडी

पहिल्या बोर्डाच्या लांबीचा माझा अंदाज असा: पन्नास किलोच्या आतल्या माणसाला सात ते साडेसात फूट, पन्नास ते सत्तर किलोला साडेसात ते आठ, सत्तर ते पंच्याऐंशीला आठ ते साडेआठ, त्याहून जास्त असेल तर नऊ फूट. लहान मुलांना साडेपाच ते साडेसहा फुटी मऊ बोर्ड द्यावा. मोठ्यांचा आठ फुटी बोर्ड मुलाच्या हातात आवरत नाही, आणि लाटेत सुटलेला तो बोर्ड आसपासच्या सगळ्यांनाच धोक्याचा असतो.

लांबीमुळे बोर्ड सरळ रेषेत जातो आणि लाट लवकर पकडतो. डावी-उजवीकडची स्थिरता मात्र रुंदीतून येते, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लांब पण अरुंद बोर्डावर उभं राहणं अवघडच. प्रौढ माणसाने २२ इंचांच्या खाली जाऊ नये. हात आखूड असतील किंवा खांदे अरुंद असतील तर २४ इंची बोर्डावर पॅडल मारताना काखेला कडा घासतात, मग २२ ते २२.५ वर थांबा. जाडी ३ इंचांच्या आसपास.

तळाचा बाकही पाहा. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने बघितलं की नाक आणि शेपूट किती वर उचललेलं आहे ते दिसतं. बाक कमी असेल तर बोर्ड पाण्यावर लांबपर्यंत टेकतो, पॅडल सोपं जातं आणि लाट लवकर मिळते. फार बाकदार बोर्ड उभ्या, पोकळ लाटांसाठी असतो, तुम्हाला त्याचं काम नाही. नाक बोथट आणि रुंद, कडा जाड आणि गोल असाव्यात. शेपटीच्या आकारावर लोक तासन्‌तास बोलतात, पहिल्या बोर्डाला त्यातलं काहीही लागू होत नाही.

घेण्याआधी एकदा काखेत धरून पन्नास पावलं चालून बघा, जमलं तर वाऱ्यात. हात खालच्या कडेपर्यंत पोहोचत नसेल तर बोर्ड डोक्यावर घेऊन जावा लागेल. त्यात गैर काहीच नाही, पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद असेल तर त्याचा विचार आताच केलेला बरा.

मऊ की कडक

बाजारात ढोबळ तीन जाती दिसतात.

सॉफ्ट टॉप म्हणजे आतून ईपीएस (थर्माकोलसारखा) फोम, वरच्या अंगाला मऊ फोमचं आवरण आणि खाली प्लास्टिकचा गुळगुळीत पत्रा. लवचीकपणा आवरायला आत एक-दोन लाकडी पट्ट्या असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. पहिल्या बोर्डासाठी माझं मत याच्याच बाजूने आहे. डोक्याला, नडगीला, शेजारच्याला लागला तर इजा कमी होते, दगडावर आपटला तर लगेच भोक पडत नाही, आणि उठताना गुडघा टेकला तरी डेक, म्हणजे बोर्डाचा वरचा पृष्ठभाग, बोचत नाही. मऊ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, एवढं मात्र लक्षात असू द्या. लाटेने फेकलेला आठ फुटी सॉफ्ट टॉप दात पाडू शकतो.

मिनी मॅल किंवा फनबोर्ड हा सात ते आठ फुटांचा, गोल नाकाचा कडक बोर्ड. फुटलेल्या लाटेच्या फेसात उभं राहण्याची पायरी ओलांडून न फुटलेल्या लाटेकडे वळलेल्या माणसाला तो छान जमतो. ज्याला आठवड्यातून तीन-चार वेळा पाण्यात उतरता येतं, त्याने थेट हा घेतला तरी हरकत नाही. तिसरी जात नऊ फुटांपुढच्या लाँगबोर्डची. लाटा पकडण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, पण कडक लाँगबोर्ड जड असतो आणि गर्दीच्या ठिकाणी तो सांभाळणं नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

कडक बोर्डाच्या पोटात काय आहे हे विचारून घ्या. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमवर पॉलिस्टर रेझिनचं कवच: थोडा जड, पाण्यात शांत बसणारा, दुरुस्तीला सोपा. दुसरा प्रकार ईपीएस फोमवर इपॉक्सीचा: हलका, जास्त तरंगणारा, धक्के सोसणारा, पण भेग पडली की पाणी पटकन पिणारा. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्क फोम ही कॅलिफोर्नियातली कंपनी अचानक बंद झाली. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांना पीयूचे ठोकळे तीच पुरवत असे, त्यामुळे बोर्ड घडवणाऱ्यांची तारांबळ उडाली आणि इपॉक्सीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्या दृष्टीने या फरकाला महत्त्व येतं ते दुरुस्तीच्या वेळी: पॉलिस्टर रेझिन ईपीएस फोमला विरघळवतं. म्हणून ईपीएसला फक्त इपॉक्सी. पीयूला दोन्ही चालतात. आत काय आहे ते माहीत नसेल तर इपॉक्सीच वापरा.

फिन

बोर्डाखाली शेपटीजवळ असलेल्या पात्याला फिन म्हणतात. त्याचं श्रेय अमेरिकी सर्फर टॉम ब्लेक यांना जातं. १९३५ मध्ये त्यांनी बोर्डाला फिन लावला. त्याआधी बोर्ड आडवा घसरायचा आणि पाय पाण्यात घालून वळवावा लागायचा. आजची तीन फिनची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांची. १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा त्यांनी तिच्यावर जिंकली आणि पुढे सगळीकडे तीच रुळली.

पहिल्या बोर्डाला तीन फिन असू द्यात, सॉफ्ट टॉपसोबत आलेले लवचीक प्लास्टिकचे पुरेत. लावताना दोन गोष्टी तपासा. फिनचं टोक शेपटीकडे झुकलेलं हवं. बाजूच्या दोन फिनची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असेल तर सपाट बाजू आत, मधल्या फिनकडे. कडक बोर्डांत एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन पद्धती सर्रास दिसतात आणि एकीचा फिन दुसरीच्या खाचेत बसत नाही. त्यामुळे सुटे फिन घेताना आपल्या बोर्डाच्या खाचेचा फोटो जवळ ठेवा. स्क्रू कसायची छोटी षट्कोनी चावी पिशवीत दोन ठेवा, एक हरवतेच.

जुना बोर्ड तपासताना

पहिला बोर्ड जुना घेण्यात शहाणपण आहे. वर्षभरात तुम्ही तो बदलणारच आहात, आणि पहिला ओरखडा दुसऱ्याच कुणीतरी पाडलेला असला की मन मोकळं राहतं. पण तपासणी दिवसाच्या उजेडात करा, आणि विकणाऱ्याला वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून डेकवर लावलेलं मेण, खरवडून काढायला सांगा. वॅक्सखाली बरंच काही झाकलेलं असतं.

आधी उचला. आठ फुटी सॉफ्ट टॉप साधारण पाच ते आठ किलोंचा असतो. दिसण्यापेक्षा फारच जड लागला तर त्याने पाणी प्यायलेलं असतं. आडवा-उभा करून धरा, फिनच्या खाचेतून किंवा लीशच्या खोबणीतून थेंब ठिबकतात का बघा. सूर्याकडे धरल्यावर कडक बोर्डाच्या आत तपकिरी डाग दिसले तर तिथे पाणी शिरलेलं आहे.

मग डेकवर, विशेषतः पाय आणि छाती पडते त्या भागात, अंगठ्याने दाबत जा. उथळ खळगे चालतील, टाचांनी ते प्रत्येक बोर्डाला पडतात. पण कवच आत जाऊन परत फुगतंय, खाली पोकळी लागतेय असं वाटलं तर कवच फोमपासून सुटलंय. दुरुस्ती होते, पण खर्चिक असते आणि ती टिकत नाही. असा बोर्ड सोडून द्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: आडवी रेघ. बोर्डाच्या मधल्या तिसऱ्या भागात वरून आणि खालून नख फिरवा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी बारीक घडी किंवा तडा लागला तर बोर्ड कधीतरी मोडायला आला होता. मोडून जोडलेल्या बोर्डावर हाच भाग रंगीत पट्ट्याने झाकलेला आढळतो. मध्येच एक रुंद, आडवा, बाकी नक्षीशी न जुळणारा पट्टा दिसला तर त्याचं कारण विचारा.

फिन धरून हलवा, खाचेच्या भोवती केसासारख्या भेगा नकोत. लीश बांधायची खोबणी, तिच्यातली आडवी सळी घट्ट आहे का पाहा. सॉफ्ट टॉप असेल तर खालचा पत्रा कडांना सुटलाय का, पोटाखाली हवेचे फुगे आलेत का तपासा. शेवटी नाक आणि शेपूट दोन स्टुलांवर टेकवून मध्ये हलकेच दाबा. बोर्ड लुळा पडल्यासारखा वाकला तर आतली पट्टी मोडली आहे. पिवळेपणाला घाबरू नका. पीयू बोर्ड उन्हाने पिवळा पडतोच, आणि त्यावर भाव कमी करून घेता येतो.

लीश: इथे काटकसर नको

लीश म्हणजे बोर्डाला पायाशी बांधणारी दोरी. बोर्ड जुना घ्या, लीश नवी घ्या. ती तुमच्या सोयीसाठी असते, पण त्याहून जास्त मागच्या माणसाच्या डोक्यासाठी असते.

लांबी बोर्डाएवढी किंवा किंचित जास्त. आठ फुटी बोर्डाला आठ फुटी लीश. आखूड असेल तर पडल्यावर बोर्ड अंगावर येतो, फार लांब असेल तर पायात अडकते आणि मागे ओढत राहते. जाडी ७ ते ८ मिलिमीटर घ्या. ५ मिलिमीटरची पातळ लीश स्पर्धकांच्या लहान बोर्डांसाठी असते, मोठ्या बोर्डाच्या ओढीने ती तुटेल. दोन्ही टोकांना गोल फिरणारी कडी असावी, म्हणजे पीळ पडत नाही.

लीश मागच्या पायाला बांधतात. मागचा पाय कुठला हे माहीत नसेल तर मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरा. जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असणाऱ्याला गूफी, आणि दोन्हींत कमी-जास्त काही नाही. पट्टा घोट्याच्या वर घट्ट बसवा आणि दोरी बाहेरच्या, मागच्या बाजूला येईल असं बघा.

बोर्डाच्या खोबणीत आधी बारीक मजबूत दोरीचा फास घालतात आणि त्या फासाला लीशची रुंद पट्टी अडकवतात. हा फास इतका आखूड ठेवा की तो कडेपर्यंत पोहोचणार नाही. कडेवर रुंद पट्टीच आली पाहिजे, नाहीतर ताण बसल्यावर बारीक दोरी कडेला चिरत आत जाते.

लीश ताणली की उलटही येते. १९७१ च्या सुमारास पॅट ओनील यांनी सुरुवातीची लीश बनवली ती वैद्यकीय रबरी नळीची. ती इतकी ताणायची की एकदा बोर्ड झपाट्याने परत आला आणि त्यांचे वडील, वेटसूटमुळे (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखामुळे) ओळखले जाणारे जॅक ओनील, यांचा डावा डोळा गेला. आजच्या लीश पॉलियुरेथेनच्या असतात, कमी ताणतात, तरीही पाण्यातून वर येताना दोन्ही हात चेहऱ्यासमोर आणि डोक्यावर धरूनच यायचं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि लीश कधीही बोटांना किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, लाटेच्या झटक्याने बोट जायबंदी होतं.

दोरीवर चीर दिसली, पट्ट्याचा चिकटा सैल झाला, की लीश बदला.

वॅक्स

पाय घसरू नये म्हणून डेकवर वॅक्स लावतात. ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडायचं: २४ अंश सेल्सिअसच्या वर उष्ण पाण्याचं, २० च्या आसपास कोमट पाण्याचं, १४ ते १९ ला थंड पाण्याचं आणि त्याखाली अतिथंड पाण्याचं. थंड पाण्याचं मऊ वॅक्स कोमट पाण्यात लोण्यासारखं पातळ होतं. आधी कडक बेस कोटचा थर द्या, हलक्या हाताने आडव्या-उभ्या रेघा आणि मग गोल फिरवत, बारीक दाणे उठेपर्यंत. त्यावर तापमानाचं वॅक्स. छाती टेकते तिथपासून मागच्या पायापर्यंत, आणि उठताना हात टेकता त्या कडांजवळही. तळाला अजिबात नाही.

सॉफ्ट टॉपला वॅक्स लागत नाही असं विकणारे सांगतात. नवा असताना बऱ्याचदा तो साबणासारखा निसटतो, म्हणून थोडं लावाच. सनस्क्रीन चोपडून लगेच बोर्ड धरला तर हात घसरतात, तेव्हा तळवे आधी ओल्या वाळूने घासून घ्या.

अंगावर काय

पाणी २४ अंशांच्या वर असेल तर रॅशगार्ड आणि पोहण्याची चड्डी पुरते. रॅशगार्ड म्हणजे अंगाला चिकटणारा पातळ सदरा. तो नसेल तर वॅक्स लावलेल्या डेकवर पोट आणि छाती तासाभरात सोलवटून निघते. लांब बाह्यांचा घ्या, उन्हाचीही सोय होते.

त्याखाली वेटसूट लागतो. २१ ते २४ अंशांना आखूड, १८ ते २१ ला ३/२, १४ ते १७ ला ४/३, त्याखाली ५/४ आणि पायात बूट. ३/२ म्हणजे धडावर ३ मिलिमीटर आणि हातापायांवर २ मिलिमीटर जाडीचं निओप्रिन, म्हणजे फोमसारखं रबर. ऊब निओप्रिनमधल्या बारीक वायूच्या बुडबुड्यांमुळे राहते, पण सूट सैल असेल तर प्रत्येक लाटेला थंड पाणी आतून वाहतं आणि जाडीचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे महागातला सैल सूट घेण्यापेक्षा साधा पण अंगाला बसणारा बरा. घालून बघताना हात वर करा, उकिडवे बसा. कंबरेच्या खोलगट भागात, काखेत, गुडघ्यामागे फुगवटा नको. गळ्याशी श्वास कोंडता कामा नये. कोरड्यात थोडा जास्तच घट्ट वाटला तर तो योग्य आहे, पाण्यात सैलावतो. पाय सरकत नसेल तर पावलावर प्लास्टिकची पिशवी चढवून घाला. नखाने ओढू नका, बोटांच्या पेरांनी ओढा.

पाणी उबदार असेल तर शिवणीचा विचार फार करू नका. थंड पाण्यासाठी मात्र चिकटवून आंधळी टाच (सुई कापडातून आरपार न जाणारी) घातलेली शिवण मागा, सपाट शिवणीतून पाणी झिरपतं.

बाकी सामान

झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन, विशेषतः नाक, कान आणि ओठांवर. खडकाळ किंवा प्रवाळाच्या तळाला बूट. वाळूच्या तळाला ते नसले तरी चालतं, पण उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला, म्हणजे वाळूत दबलेला पाकट आधीच सरकून जातो. थंड पाणी आणि वाऱ्यात वर्षानुवर्षं सर्फ करणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढतं, तेव्हा अशा ठिकाणी नियमित जाणार असाल तर कानात बोळे घालायची सवय लावा. खडकाळ जागी शिकत असाल तर हेल्मेट घालायला लाजू नका.

शेपटीवर चिकटवायचं जाड पॅड, भरतीची वेळ दाखवणारं घड्याळ, बोर्डावरचा कॅमेरा यातलं काहीही आत्ता घेऊ नका. कॅमेऱ्याबद्दल तर खास सांगतो: पहिल्या महिन्यातलं चित्रण तुम्ही स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा बघणार नाही.

बोर्डावर कुठे पडायचं

बोर्ड बरोबर असूनही लाटा मिळत नाहीत, याचं नेहमीचं कारण पालथं पडण्याची जागा. शांत पाण्यात पालथं पडून नाक बघा. ते पाण्याच्या दोन-तीन बोटं वर असावं. नाक आकाशाकडे असेल तर शेपूट पाणी ढकलत राहते आणि लाट खालून निसटते: पुढे सरका. नाक पाण्याला टेकत असेल तर लाट उचलताच ते आत घुसतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता: मागे या. एक-दोन इंचांनी फरक पडतो. योग्य जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सने किंवा टेपच्या तुकड्याने खूण करून ठेवा.

पाण्यात उभे असताना बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, तो थेट छातीवर येतो. बाजूला, नाक लाटेकडे करून धरा. पडताना उथळ पाण्यात डोकं खाली घालून सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं, हात डोक्यावर.

घरी आणल्यावर

बोर्डाचा शत्रू खडकाहून जास्त उष्णता आहे. बंद गाडीत, उन्हात तापलेल्या अंगणात ठेवलेला सॉफ्ट टॉप फुगतो, त्याचं आवरण सुटतं. वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत आडवा किंवा कुशीवर ठेवा. वेटसूट उलटा करून धुवा आणि कमरेत दुमडून हँगरवर वाळत घाला. खांद्यांवर लटकवला तर ओल्या वजनाने ताणतो. गाडीच्या टपावर नेताना डेक खाली, फिन वर आणि पुढच्या बाजूला, खाली मऊ आधार, आणि साध्या बकलाचे पट्टे. खटक्याने आवळणारे मालवाहू पट्टे बोर्डाच्या कडा चेपतात. पाच-दहा मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा तपासा.

कडक बोर्डाला भेग पडली तर पाण्यातून लगेच बाहेर या. आतून पूर्ण सुकायला काही दिवस लागतात, तोपर्यंत भेग बुजवू नका, नाहीतर पाणी आतच कोंडतं. सुकल्यावर अतिनील किरणांनी घट्ट होणारं रेझिन उन्हात काही मिनिटांत बसतं, पण वर सांगितलेला ईपीएसचा नियम इथेही लागू.

बोर्ड कधी बदलायचा

न फुटलेली लाट स्वतः निवडून पकडता येते, दहापैकी सात-आठ वेळा उभं राहता येतं, आणि डावी-उजवीकडे लाटेच्या भिंतीला धरून जाता येतं, अशी वेळ आली की बोर्ड अडवतोय असं वाटू लागतं. तोवर बदलू नका. बदलताना एकदम अर्ध्यावर उडी न मारता दहा-पंधरा लिटर आणि सहा इंच ते एक फूट कमी करा: ८० लिटरच्या सॉफ्ट टॉपवरून ६५-७० लिटरच्या मिनी मॅलवर. नवा बोर्डही आधी भाड्याने, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि मोबाइलमधली ती यादी तशीच पुढे चालू ठेवून. सॉफ्ट टॉप मात्र जागा असेल तर विकू नका. गुडघ्याएवढ्या, आळशी लाटांच्या दिवशी नवा बोर्ड नुसता तरंगत राहील आणि तुम्ही पुन्हा तोच काढाल.